कळसूबाईच्या उंचीवरचा बर्फ: शिगा कोगेनला पाच नाशिककर

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण जपानच्या शिगा कोगेन या डोंगरातल्या स्कीच्या ठिकाणी जाऊन आलो. मी, नवरा, बारा वर्षांची लेक, आठ वर्षांचा मुलगा आणि एकोणसत्तर वर्षांच्या सासूबाई. कुणाच्याही पायाला याआधी स्की लागलेली नव्हती. बर्फ पाहिला होता तो मनालीला, रस्त्याकडेला साचून टायरच्या चिखलानं काळा पडलेला. गंगापूर रोडला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. परत आल्यापासून तिथे येणारे पेशंट आणि मुलांच्या शाळेतल्या आया रोज काहीतरी विचारतात. खर्च किती आला, आजींना झेपलं का, शाकाहारी माणसानं तिकडे खायचं काय? म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

आधी निकाल. पहिल्यांदाच स्की शिकणाऱ्या कुटुंबासाठी ही जागा मला फार आवडली आणि पुन्हा जायचं ठरलं तर तिथेच जाईन. मात्र हॉटेल कुठे आहे हे नकाशा पुढ्यात घेऊन ठरवा. एवढ्या पसरलेल्या ठिकाणी हॉटेल चुकलं, तर सुट्टीचे निम्मे दिवस बसची वाट बघण्यात जातात.

आमचं गाडं सगळ्यात जास्त अडलं ते तारखेवर. जपानचा खरा बर्फ जानेवारी-फेब्रुवारीतला. सायबेरियाकडून येणारं कोरडं, गार वारं जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतं, डोंगरांना धडकतं आणि तिथे बर्फ पडतो. तो काळ सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा. आमच्या मुलांची शाळा सीबीएसईची. परीक्षा मार्चच्या मध्याला संपते आणि एप्रिल लागला की पुन्हा वर्ग सुरू. म्हणजे हातात काय ते मार्चचे शेवटचे दोन आठवडे. तोवर बर्फ टिकेल का, हा प्रश्न मी डिसेंबरभर डोक्यात घेऊन हिंडत होते.

टिकतो, आणि त्याचं कारण उंची. शिगा कोगेन साधारण १,३०० मीटरपासून सुरू होतं आणि योकोतेयामा या डोंगराच्या माथ्यावर २,३०७ मीटरपर्यंत जातं. आम्ही राहिलो ते इचिनोसे साधारण १,६०० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतकं उंच (कळसूबाई १,६४६ मीटर). तिथला हंगाम मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. मार्चअखेरीस आम्हाला पहाटे उणे पाच-सहा आणि दुपारी शून्याच्या थोडं वर असं तापमान मिळालं. निफाडचा पारा चारवर आला की आम्ही नाशिककर शेकोट्या पेटवतो, हे खरं. पण तिथे हवा कोरडी, ऊन स्वच्छ, आणि अंगावर नीट कपडे असले की थंडी बोचत नाही. जानेवारीत उणे दहाच्या खाली सासूबाईंना मी नेलंच नसतं. मार्च आमच्यासाठी नाइलाजानं निवडलेला महिना होता, पण आजी आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी आता मुद्दाम मार्चच निवडा असं सांगेन. एक तेवढं सांभाळा: २० किंवा २१ मार्चला जपानमध्ये वसंत संपाताची सार्वजनिक सुट्टी असते. तिला जोडून शनिवार-रविवार आला की उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टला रांगा लागतात. आम्ही त्यानंतरच्या सोमवारी पोचलो आणि उतार जवळजवळ मोकळे होते.

निवडीत तीन नावं होती. निसेको होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावर आहे. आन्नुपुरी या १,३०८ मीटरच्या एका डोंगरावर चार रिसॉर्ट, सगळीकडे इंग्रजी, खाण्यापिण्याची रेलचेल. पण टोकियोहून पुन्हा विमानानं तिथला न्यू चितोसे विमानतळ गाठायचा आणि तिथून बसमध्ये अडीच-तीन तास काढायचे. सासूबाईंच्या कमरेचा विचार करून मी ते नाव खोडलं. हाकुबाच्या खोऱ्यात दहा रिसॉर्ट आहेत, पण त्यातली बरीचशी एकमेकांपासून सुटी. शिगा कोगेनला १८ स्की क्षेत्रं एकाच पासवर फिरता येतात, त्यातली बरीचशी बर्फावरूनच एकमेकांना जोडलेली आहेत, आणि टोकियोहून तिथे जमिनीवरूनच पोचता येतं. बुलेट ट्रेननं नागानो, तिथून बसनं सव्वा तास. १९९८च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या वळणं घेत उतरायच्या शर्यती इथल्याच याकेबिताइयामा आणि हिगाशिदातेयामा या डोंगरांवर झाल्या.

त्या ऑलिंपिकला भारताचा एकच खेळाडू होता, मनालीचा शिवा केशवन, वय १६. त्याचा खेळ ल्यूज, म्हणजे छोट्या घसरगाडीवर उताणं पडून बर्फाच्या मार्गावरून सुसाट उतरणं, आणि त्याची धाव शिगा कोगेनला नाही तर नागानो शहराजवळ दुसऱ्या डोंगरावर झाली. लेकीनं हे शोधून काढलं आणि विमानात बसल्यापासून ती मला ऐकवत होती. तिच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा मुलगा एवढ्या मोठ्या ठिकाणी देशातून एकटा गेला, ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली.

आता हॉटेलचं. नाशिकमधल्या एका एजंटकडून आम्ही आधी पॅकेजचा अंदाज मागवला होता. हॉटेल दिसायला सुंदर, दर चांगला, फोटोत मागे बर्फाचा डोंगर. तो डोंगर पट्टीच्या स्कीपटूंचा आहे, आणि नवशिक्यांच्या उतारावर जायला दोन मुलं, चार जोड स्की आणि आजींना घेऊन रोज सकाळी बस पकडावी लागेल, हे त्या कागदात कुठेच नव्हतं. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, सगळं एकच रिसॉर्ट आहे." एकच आहे, पण त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दऱ्या, घाट आणि डोंगर आहेत. स्कीचे बूट घालून शंभर पावलं चालणं म्हणजे दोन्ही पाय घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये घालून चालण्यासारखं आहे. मी रोज प्लास्टरमधून सुटलेले पाय हाताळते, म्हणून ही उपमा सुचली. आम्ही ते पॅकेज सोडलं आणि सगळं स्वतः ठरवलं.

मी प्रत्येक हॉटेलला एकच प्रश्न इमेलनं विचारला: तुमच्या दारातून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा शिकणाऱ्यांचा उतार किती पावलांवर आहे? बऱ्याच ठिकाणांहून "जवळच" असं उत्तर आलं. एका छोट्या हॉटेलनं हातानं काढलेला नकाशा पाठवला: दार, रस्ता, भाड्याच्या सामानाचं दुकान, शिकणाऱ्यांना वर नेणारा सरकता पट्टा, लिफ्ट. तेच घेतलं. ते इचिनोसेत आहे. तिथे हॉटेलांच्या समोरच रुंद, सौम्य उतार पसरलाय आणि रस्त्यापलीकडे इचिनोसे डायमंडचा उतारही नवशिक्यांना सोपा आहे. खोली साधी, तातामीच्या चटया, रात्री गाद्या घालायच्या. सासूबाईंना जमिनीवरून उठायला त्रास होतो म्हणून त्यांच्यासाठी पलंगाची खोली आधी मागून घेतली. हे आधी सांगावं लागतं. आयत्या वेळी पलंग मिळत नाही.

याचा फायदा पहिल्याच सकाळी दिसला. मुलगा पाऊण तासात दमला, रडवेला झाला. मी त्याला घेऊन चार मिनिटांत खोलीत आले, गरम दूध दिलं, अर्ध्या तासानं तो स्वतःच बूट घालायला बसला. सासूबाई खिडकीत बसून दोन्ही नातवंडांना बघत होत्या. त्या आठ दिवस कंटाळतील ही माझी धास्ती होती. पण उतार खिडकीसमोर असल्यामुळे त्या आमच्या प्रत्येक धडपडीला हजर होत्या. संध्याकाळी कोण किती वेळा पडलं याचा हिशोब त्यांच्याकडे असायचा.

शिकवणीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे वाचवायची जागा ही नव्हे. इंग्रजीतून शिकवणारे शिक्षक मोजके असतात. आम्ही जानेवारीतच आरक्षण केलं होतं. तीन दिवस, रोज सकाळी साडेनऊ ते बारा, आम्हा चौघांसाठी मिळून एक शिक्षक. वेळ सकाळचीच घ्या. मार्चमध्ये रात्री गोठलेला बर्फ पहाटे काचेसारखा टणक असतो, दहाच्या सुमाराला वरचा थर सैल होतो आणि मग दोन-अडीच तास स्की लोण्यावरून गेल्यासारखी जाते. दुपारी दोननंतर तोच बर्फ ओल्या वाळूसारखा जड होतो. स्की त्यात रुतते आणि अंग पुढे जातं. गुडघा पिळतो तो अशाच वेळी. आम्ही दोननंतर स्की काढून ठेवायचा नियम केला आणि तो शेवटच्या दिवसापर्यंत पाळला.

वेग कमी करायला स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवायची असतात. इंग्रजीतून शिकवताना मुलांना त्याला पिझ्झा म्हणतात. आमचे शिक्षक म्हणत, "हा-नो-जी!" जपानी लिपीतलं 'हा' हे अक्षर म्हणजे वर जवळ येणाऱ्या आणि खाली फाकणाऱ्या दोन तिरक्या रेघा. 'हा' अक्षरासारखे पाय ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी काठीनं बर्फावर ते अक्षर काढून दाखवलं आणि मुलाला ते एका क्षणात कळलं. तिसऱ्या दिवशी तो लिफ्टनं वर जाऊन न पडता खाली आला आणि थेट आजीच्या खिडकीखाली थांबला. सासूबाईंनी वरून दोन्ही हातांनी त्याची अलाबला घेतली. मी तेव्हा रडले.

नवऱ्याला मात्र वेळ लागला. माणूस मोठा झाला की पडायची भीती वाटते, घाबरला की मागे झुकतो, आणि मागे झुकला की स्की आणखी पळते. शिक्षक त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते की नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहू दे.

हे ऐकताना मला बरं वाटलं, कारण घरी दोन महिने मी हेच करून घेतलं होतं. तयारी म्हटली की लोक चढायला सुरुवात करतात. स्कीमध्ये काम असतं उतरण्याचं. मांडीचे पुढचे स्नायू लांबत लांबत भार पेलतात, आणि दुसऱ्या दिवशी जी ठणक लागते ती त्यामुळेच. आम्ही दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या हळू, मोजून उतरत होतो. घरी रोज भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं, आधी तीस सेकंद आणि शेवटी दीड मिनिट. एका पायावर उभं राहून दात घासणं हा मुलांचा आवडता व्यायाम. पन्नाशीच्या पुढच्यांनी निघण्याआधी गुडघे तपासून घ्यावेत. आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: पडणं अटळ झालं की कडेला पडायचं आणि घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायची धडपड करायची नाही, म्हणजे गुडघ्याचा पुढचा लिगामेंट वाचतो. पडताना काठी हातातून सोडून द्यायची, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेला लिगामेंट वाचतो. ही दुखापत इतकी नेहमीची आहे की तिला स्कीवाल्याचा अंगठाच म्हणतात.

साहित्य भाड्यानंच घ्या. बुटाचं माप जपानमध्ये सेंटिमीटरमध्ये असतं. निघण्याआधी घरी भिंतीला टाच टेकवून कागदावर पाऊल ठेवा, पेन्सिलनं अंगठ्याचं टोक आखा आणि मोजा. आम्ही हे मोठ्यांचं केलं आणि मुलांचं शाळेच्या बुटांवरून अंदाजानं सांगितलं. ही चूक महागात पडली. दुकानात गर्दी होती. लेकीला दीड सेंटिमीटर मोठा बूट दिला गेला आणि तिनं जाड मोज्यांचे दोन जोड घालून तो भरला. दुपारपर्यंत टाचेला मोठा फोड. दुसऱ्या दिवशी बूट बदलून मिळाला, पण तिची एक अख्खी सकाळ वाया गेली. मोज्यांचा एकच जोड घालायचा, पातळ आणि गुडघ्यापर्यंत. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकतात आणि गुडघे वाकवले की मागे सरतात, तो बूट बरोबर. दुकानातल्या फॉर्मवर वजन, उंची, वय खरं लिहा. पडल्यावर स्की पायातून कधी सुटावी याचं माप ते त्यावरूनच लावतात. चार किलो कमी लिहिण्याची ती जागा नाही.

कपड्यांचे तीन थर: अंगाला थर्मल, वर फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. सुती बनियन घालू नका, घामानं ओलं होऊन गार पडतं. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून आणलेल्या लोकरी टोप्या उत्तम निघाल्या, पण तिथलेच लोकरी हातमोजे पहिल्या तासात भिजले. हातमोजे पाणी न शिरणारेच हवेत. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. ऊन खालूनही लागतं, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांना. माझं तिथेच भाजलं.

लिफ्टच्या पासबद्दल: पहिल्याच दिवशी १८ क्षेत्रांचा पास घेऊ नका. आम्ही पहिले दोन दिवस सरकता पट्टा आणि एका लिफ्टच्या पलीकडे गेलोच नाही. शिक्षकांना भेटून, आपल्याला काय लागणार ते विचारून मगच तिकीट काढा. योकोतेयामाच्या माथ्यावर जपानमधली सगळ्यात उंचावरची बेकरी आहे. तिथला पाव खायचा हे मुलांनी नाशिकलाच ठरवलं होतं. ज्या दिवशी निघालो त्या दिवशी वाऱ्यामुळे वरची लिफ्ट बंद. अशा गोष्टींसाठी एक दिवस मोकळा ठेवायला हवा होता.

खाण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो आधीच सोडवून जावा. सासूबाई अंडंही खात नाहीत. आरक्षण करताना आम्ही 'शाकाहारी' असं लिहिलं होतं, हॉटेलनं होही म्हटलं होतं. पहिल्या रात्री त्यांच्या पुढ्यात आलेल्या सूपमध्ये माशाचा अर्क होता आणि सॅलडवर मांसाचे बारीक तुकडे. त्या लोकांच्या मनात काही वाईट नव्हतं. तिथे सुक्या बोनितो माशाच्या किसाचं पाणी, दाशी, हा जवळजवळ प्रत्येक रश्श्याचा पाया असतो. वर मासा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, भात तेवढा खाऊन उठल्या. ते मला फार लागलं. त्या रात्री मी जपानी जाणणाऱ्या एका मैत्रिणीकडून चार ओळी लिहून मागवल्या: मांस नको, मासे नकोत, अंडं नको, माशाचं दाशीही नको, भात, भाज्या, टोफू, फळं, दूध चालेल. सकाळी तो कागद स्वयंपाकघरात दिला. आचारी स्वतः बाहेर आले, वाकून माफी मागितली आणि त्या दिवसापासून सासूबाईंना समुद्री शैवालाच्या दाशीतलं सूप, भाज्यांचं तेंपुरा (पिठात अंडं न घालता) आणि टोफू मिळत गेला. तो कागद आरक्षणाच्या वेळीच पाठवा.

बाकी सांभाळलं ते नाशिकच्या पिशवीनं. जपानी भात आपल्या इगतपुरीकडच्या इंद्रायणीसारखा मऊ आणि चिकट असतो, त्यात मेतकूट आणि हॉटेलातलं लोणी कालवलं की सासूबाई खूष. शिवाय खाकरे, दशम्या, लसणाची चटणी, कोंडाजीचा चिवडा, गरम पाणी ओतून होणारे पोहे. खोलीत किटली असतेच. ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. सासूबाईंना द्राक्षांची पेटी न्यायची होती, मार्च म्हणजे आमचा द्राक्षांचा ऐन हंगाम. मी बेदाण्यांवर त्यांची समजूत घातली. नागानोत ओयाकी मिळतात, आत भोपळा किंवा पालेभाजी भरलेल्या भाजक्या कणकेच्या गोल पुऱ्यांसारख्या. आत काय आहे ते विचारून घ्या. मुलांनी त्या रोज खाल्ल्या.

सासूबाईंच्या वाट्याचे दोन दिवस आम्ही वेगळे ठेवले होते. पहिला जिगोकुदानीच्या माकडांचा. हे उद्यान १९६४ पासून आहे. शिगा कोगेनच्या पायथ्याशी कानबायाशीला बसनं उतरायचं आणि झाडीतून दीडेक किलोमीटर चालायचं. वाट बरीचशी सपाट आहे, पण मार्चमध्ये काही ठिकाणी बर्फ तुडवून तुडवून गुळगुळीत झालेला असतो. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणि एक काठी बरोबर ठेवा. आम्ही एका बाजूला नवरा, एका बाजूला मी असं करत त्यांना पाऊण तासात नेलं. गरम पाण्याच्या कुंडात लाल तोंडाची माकडं डोळे मिटून बसलेली असतात. सप्तशृंगी गडावर प्रसादाची पिशवी पदराखाली लपवून चालायची सवय असलेल्या सासूबाईंनी तिथेही पर्स घट्ट धरली होती. पण तिथे माणसांनी माकडांना काही खायला देणं पूर्ण बंद आहे, त्यामुळे ती तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. एक पिल्लू त्यांच्या पायावरून चालत गेलं. "अगं, याला आपली ओळखच नको आहे," असं त्या हळूच म्हणाल्या आणि पर्स सैल केली.

दुसरा दिवस नागानोतल्या झेनकोजीचा. परतीच्या वाटेवर एक रात्र शहरात राहिलो. सातव्या शतकातलं मंदिर, सध्याचा मुख्य गाभारा १७०७चा. इथली मूळ बुद्धमूर्ती भारतातून कोरियामार्गे जपानला आली अशी तिथली परंपरा सांगते. ती कुणालाच दाखवत नाहीत. तिची प्रतिकृती दर सहा वर्षांनी उघडतात, मागच्या वेळी २०२२ मध्ये उघडली होती. गाभाऱ्याखाली एक भुयार आहे. मिट्ट काळोख, उजवा हात भिंतीला लावून चालायचं आणि भिंतीतली कडी चाचपडून शोधायची. ती हाताला लागली की मुक्ती, अशी श्रद्धा. सासूबाई माझ्या पुढे होत्या. अंधारात कडी वाजली आणि त्यांचा आवाज आला, "सापडली गं." आयुष्यभर पंचवटीत वाढलेली बाई त्या भुयारातून बाहेर आल्यावर बराच वेळ पायरीवर शांत बसून होती.

गरम झऱ्याच्या स्नानाबद्दल बायका हमखास विचारतात. हो, सार्वजनिक कुंडात कपड्याविना उतरायचं असतं. बायकांची बाजू वेगळी असते, आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. वज्रेश्वरीला आम्ही साडी नेसून उतरणाऱ्या. पहिले दोन दिवस मी धजले नाही. तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या ठणकत होत्या की पहाटे साडेपाचला, कुणी नसताना, गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन गेले. त्यांच्या गुडघ्यांना त्या पाण्यानं जो आराम पडला तो मी तपासून सांगते आहे: सकाळी वाकवताना येणारा ताठरपणा स्पष्ट कमी होता.

प्रवासातल्या काही गोष्टी झपाट्यानं. नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंत इगतपुरीपासून समृद्धी महामार्ग धरला, कसाऱ्याचा घाट टळला आणि मुलांना उलट्या झाल्या नाहीत. व्हिसा आता ई-व्हिसा म्हणून मिळतो, पण कागदपत्रं आणि रोजचा कार्यक्रम व्यवस्थित लागतो, दीड महिना आधी सुरुवात करा. सगळ्या जपानभर चालणारा रेल्वेपास काढू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांच्या पासचा दर ५०,००० येन झाला, आणि टोकियो ते नागानो एका वाटेचं तिकीट साधारण आठ हजार येनच्या घरात पडतं. मोठ्या बॅगा टोकियोहून कुरिअरनं पुढे पाठवा. दुसऱ्या दिवशी त्या हॉटेलात आमची वाट बघत होत्या. हाती एक दिवसाचे कपडे आणि औषधं ठेवली की झालं. औषधांत एक सांभाळा: १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत, पाकिटावरचा मजकूर वाचून घ्या. आणि प्रवासाचा विमा काढताना स्की त्यात धरली आहे का हे लेखी विचारा. साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा ती वगळलेली असते, वेगळा हप्ता भरावा लागतो.

खर्च: विमान, टोकियोच्या तीन रात्री, शिगा कोगेनच्या सहा, नागानोची एक, शिकवणी, भाडं, पास, खाणं, सगळं मिळून पाच जणांचे साडेनऊ लाखांच्या आसपास गेले. आम्ही यासाठी तीन वर्षं दिवाळीच्या सहली टाळल्या. शिकवणी आणि भाड्याचं साहित्य मिळून दीड लाखाच्या आत बसलं. वाचवायचंच असेल तर टोकियोतली एक रात्र कमी करा, शिकवणीचा दिवस कमी करू नका.

कुणाला ही जागा आवडणार नाही तेही सांगते. संध्याकाळी बाजार फिरायचा, रोज नवीन ठिकाणी जेवायचं, असं ज्यांना हवं त्यांनी निसेको किंवा हाकुबा बघावं. शिगा कोगेनला सहानंतर सामसूम असते. आम्ही पत्ते खेळायचो, सासूबाई हरिपाठ म्हणायच्या, नऊला सगळे झोपलेले.

निघताना सासूबाईंनी शिक्षकांना बेदाण्याचा डबा दिला. नाशिक म्हणजे द्राक्षांचं गाव, हे लेकीनं त्यांना इंग्रजीत समजावलं. त्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, चार दाणे तिथेच तोंडात टाकले आणि मुलाला विचारलं, पुढच्या वर्षी येणार का? लेकीनं परत आल्या आल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर पेन्सिलनं आखलेली दोन पावलं आहेत, एक तिचं आणि एक धाकट्याचं, शेजारी तारीख आणि सेंटिमीटर. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं, असं तिनं खाली लिहिलं आहे.